तेच पान दुसऱ्यांदा वापरणाऱ्यांना

रविवारी रात्रीच्या सरावाच्या वह्या वाचल्या. आधी राग आला, मग भीती वाटली, आणि हे लिहायला बसलो ते त्या भीतीपोटी. वर्गात बोललो असतो तर तुम्ही माना खाली घालून ऐकून घेतलं असतं आणि जिना उतरेपर्यंत विसरून गेला असता. आता हे घरी न्या, दोनदा वाचा.

सराव अगदी साधा होता. निम्मे जण एका खोलीत, निम्मे दुसऱ्या. प्रत्येकाच्या हातात संकेताची छोटी वही, पानोपानी पाच-पाच आकड्यांचे गट. संदेश आकड्यांत मांडायचा, पानावरचे आकडे त्यात हातचा न धरता मिळवायचे आणि पलीकडच्या खोलीत पाठवायचे. एक पान एका संदेशासाठी. वापरलं की फाडायचं आणि पत्र्याच्या डब्यात जाळायचं. दुसरीतल्या पोराला जमेल अशी बेरीज. परराष्ट्र खात्याची कुठलीही गोष्ट मी तुम्हाला शिकवत नाही आणि शिकवणारही नाही. ती दिल्लीत शिकवतील. मी शिकवतो आहे ती शिस्त, आणि तिथेच तुम्ही माती खाल्ली.

अकराच्या सुमाराला मी मुद्दाम निरोप धाडला, ‘संदेश नीट पोचला नाही, पुन्हा पाठवा.’ आणि तुमच्यातल्या बहुतेकांनी नवं पान उलटलं नाही. जुनंच पान पुढे ओढलं. तेवढ्यावर भागलं नाही. हात दुखत होते म्हणून दुसऱ्या खेपेला ‘संदर्भ’चं ‘सं.’ केलं, ‘मंत्रालया’चं ‘मंत्रा.’ केलं, एकाने शेवटची ओळच गाळली. एकाच्या शर्टाच्या खिशात ते पान घडी घालून ठेवलेलं सापडलं. विचारलं तर उत्तर काय? “सर, मजकूर तर तोच होता.”

मजकूर तोच असता तरी गुन्हा होता. पण तो तोच नव्हता, आणि नेमकं तिथेच सगळं उघडं पडतं. तुमच्यापैकी एकालाही ते का, हे सांगता आलं नाही. म्हणून ऐका.

३० ऑगस्ट १९४१. जर्मनांच्या ताब्यातलं अथेन्स. तिथल्या एका यंत्रचालकाने व्हिएन्नाला सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश धाडला. व्हिएन्नाने कळवलं, मिळाला नाही, पुन्हा पाठवा. नियम असा की पुन्हा पाठवायचा तर यंत्राची मांडणी बदलायची. या गृहस्थाने बदलली नाही. दोन्ही टोकांनी यंत्र पुन्हा त्याच मांडणीवर आणलं आणि त्याने तो लांबलचक मजकूर दुसऱ्यांदा टंकायला घेतला. आता कंटाळा आलेला. पहिल्या खेपेला ‘संदेश क्रमांक’ हा शब्द पूर्ण लिहिला होता, या खेपेला त्याने तो तोडून छोटा केला. पुढे आणखी काही ठिकाणी तेच. तुमच्या ‘सं.’ आणि ‘मंत्रा.’सारखंच.

इंग्लंडमध्ये कान लावून बसलेल्यांनी दोन्ही संदेश टिपले. एकाच मांडणीवरचे दोन संदेश एकमेकांतून वजा केले की ती मांडणी उडून जाते आणि हातात उरतो दोन मजकुरांमधला फरक. मजकूर अक्षर न् अक्षर सारखा असता तर वजाबाकी शून्य आली असती, शत्रूच्या हाती धुपाटणं. पण एक शब्द आखडला आणि पुढचं प्रत्येक अक्षर सरकलं. जॉन टिल्टमन नावाच्या अधिकाऱ्याने दहाएक दिवस त्या फरकावर डोकं घालून दोन्ही मजकूर सोडवले. मग बिल टट् या चोविशीतल्या तरुणाने त्यावरून यंत्राची आतली रचना ताडली. बारा चाकं, कुठलं कसं फिरतं, सगळं. यंत्र डोळ्यांनी न पाहता. ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रातल्या या लोकांना ते यंत्र प्रत्यक्ष बघायला मिळालं ते युद्ध संपता संपता. तोवर ब्रिटिश टपाल खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्स या अभियंत्याने त्याच यंत्राचे संदेश फोडण्यासाठी ‘कोलॉसस’ हा संगणक बांधून कामाला लावला होता. जर्मन सेनापतींमधला पत्रव्यवहार लंडनमध्ये वाचला जात होता. बर्लिनला पत्ता नव्हता.

अथेन्समधला तो माणूस फितूर नव्हता, दारू पिऊन बसलेला नव्हता, त्याने एक पैसाही घेतला नव्हता. त्याचे हात दुखत होते. तुमचेही रविवारी दुखत होते.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “सर, आता हे सगळं यंत्रच करतं.” तेव्हाही यंत्रच करत होतं! बारा चाकांचं यंत्र, त्या काळातलं उत्तमातलं उत्तम. यंत्राने आपलं काम चोख केलं. त्याची कळ कोणत्या मांडणीवर दाबायची हे मात्र माणसाने ठरवलं. आजच्या यंत्रांनाही किल्ली घालणारा, बदलणारा, वेळेवर पुसून टाकणारा माणूसच असतो, आणि पहाटे तीन वाजता तो तुमच्यापैकीच कुणीतरी असणार आहे.

यात एक आडवाट आहे, तीही सांगून ठेवतो. सोव्हिएत रशियाच्या वकिलाती अशाच एकदा-वापर वह्या वापरत. त्यांच्या कारकुनांनी नियम पाळला. पण १९४२ च्या सुमाराला, युद्धाच्या रेट्यात, वह्या छापणाऱ्यांनीच हजारो पानं दुबार छापली. अमेरिकनांनी १९४३ पासून ते संदेश चाळायला घेतले आणि काम १९८० पर्यंत चाललं. दुबार पानांच्या जोरावर सुमारे तीन हजार संदेश कमी-अधिक उलगडले. एकदा गेलेला संदेश परत घेता येत नाही. तो कुणाच्या तरी कपाटात पडून राहतो, आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर, नातवंडं खेळवत असताना, कुणीतरी तो वाचतो.

आता उशिराबद्दल. सरावात एक ‘तातडीचा’ संदेश होता. तो दहा चाळीसला आला. वह्यांत उतरवून, तपासून, सहीनिशी पुढे जायला पाऊण तास पुष्कळ होता. सर्वांत लवकरची नोंद पावणेबाराची आणि सर्वांत उशिराची सव्वाएकची. मधल्या वेळात काय चाललं होतं ते मला जिन्यात ऐकू येत होतं: चहा, हसणं, कुणाच्या तरी फोनवरचा सामना. गटांची संख्या १४८ लिहिलेली, प्रत्यक्षात १४७. एक गट गळालेला, आणि त्यावर सही. “एका गटाने काय फरक पडतो,” असं कुणी म्हणालं नाही, पण सहीचा अर्थ तोच होतो.

डिसेंबर १९४१ मधल्या वॉशिंग्टनच्या जपानी वकिलातीची हकिगत माहीत आहे तुम्हाला? सहा तारखेला टोकियोहून चौदा भागांच्या खलित्याचे पहिले तेरा भाग येऊ लागले. त्याच संध्याकाळी एका सहकाऱ्याची बदली झाली म्हणून निरोपाची मेजवानी होती. माणसं मेजवानीला गेली. सात तारखेला सकाळी चौदावा भाग आला, आणि त्याबरोबर हुकूम की दुपारी ठीक एक वाजता हा खलिता अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या हाती द्या. मजकूर गुप्त, म्हणून नेहमीच्या टंकलेखकाला हात लावू द्यायचा नाही, असंही बजावलेलं. मग ओकुमुरा नावाचे सचिव एकेक बोट शोधत टंकायला बसले. चुका झाल्या, पानं पुन्हा टंकली. जपानचे दोन राजदूत परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्यासमोर उभे राहिले तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायला लागून तास उलटला होता.

इतिहासकारांत यावर वाद आहेत. खलित्यात युद्धाची सरळ घोषणा नव्हती, आणि टोकियोनेही शेवटचा भाग मुद्दाम लांबवला असं काही जण म्हणतात. ते खरं असेलही. पण वकिलातीतल्या लोकांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की एक वाजता कागद पोचायला हवा, आणि तो पोचला नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की जपान्यांचं संकेतयंत्र अमेरिकनांनी आधीच फोडलेलं असल्यामुळे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ते तेरा भाग आदल्या रात्रीच वाचले होते. ज्यांच्या नावे संदेश आला ते मागे पडले, ज्यांच्यापासून लपवायचा ते पुढे गेले. राष्ट्राच्या कपाळी जो डाग लागला त्यात आपल्या चुकीचा वाटा किती, हा प्रश्न घेऊन त्या माणसांना पुढचं आयुष्य काढावं लागलं.

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट तुमच्या फार कामाची आहे. हवाईत हल्ला सुरू झाला सकाळी पावणेआठनंतर, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दुपारचा सव्वा वाजून गेला होता. त्या काळी दोन्हींमध्ये साडेपाच तासांचा फरक होता, आपल्या आणि ग्रिनिचच्या घड्याळात आहे तेवढाच. हा अर्धा तास तुमच्यातल्या कितींना नडला ते बघा. संदेशावर ग्रिनिचची वेळ घालायची हे पहिल्या दिवशी सांगितलं. तरी चार वह्यांत भारतीय वेळ, दोन वह्यांत पाच तास वजा करून अर्धा तास गिळलेला, आणि एकीत तारीखच चुकलेली, कारण आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी ग्रिनिचला आदलाच दिवस असतो हे लक्षात राहिलं नाही. काठमांडूला पोस्टिंग मिळालं तर पावणेसहा तासांचा हिशेब करायचा आहे. तिथे काय कराल? ‘उद्या सकाळी विमानतळ बंद’ या ओळीतलं ‘उद्या’ कुठलं, हे त्या तारखेवरून ठरतं. विमानतळावर पोराबाळांसह उभी असलेली आपली माणसं त्यावर अवलंबून असतात.

हे सगळं होऊन वर्ग सुटताना प्रश्न विचारले गेले ते कोणते? परदेश भत्ता किती बसतो? युरोप मिळायला काय करावं लागतं? गाडी करमुक्त घेता येते का? मुलांनो, सीजीएल परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालय मिळवणं सोपं नाही. सांगली, परभणी, चिपळूणहून इथे येऊन, खोलीत चौघं राहून, तुम्ही ते मिळवलंत. तुमच्या आईवडिलांनी गावात पेढे वाटले. मला त्याचं मोल कळतं, आणि भत्त्याचा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. फक्त तसलेच प्रश्न आले, हे मला खुपलं. राहायची जागा कशी असते, वकिलातीतल्या संकेताच्या खोलीची वीज गेली तर काय, जनरेटरला किती मिनिटं लागतात, एकट्याने रात्रपाळी करायची का, हे कुणीच विचारलं नाही. जपानच्या भिंतीतल्या शंभर व्होल्टवर आपलं दोनशेतीसचं उपकरण कसं वागेल, हेही नाही.

काहींच्या डोक्यात असंही दिसलं की परदेशात आपल्याला कोणी हात लावू शकत नाही. हा गैरसमज आजच काढून टाका. १९६१ चा व्हिएन्ना करार वाचायला सांगितला होता, तो कुणी वाचलेला नाही. वकिलातीची जागा, कागदपत्रं, राजनैतिक थैली यांना संरक्षण आहे. थैली उघडता येत नाही, अडवताही येत नाही. पण त्याच सत्ताविसाव्या कलमात लिहिलं आहे की वकिलातीला वायरलेस यंत्र बसवायचं तर यजमान देशाची संमती हवी. आणि तुम्ही? तुम्ही ‘प्रशासकीय आणि तांत्रिक कर्मचारी’. फौजदारी खटल्यापासून तुम्हाला संरक्षण आहे. दिवाणी बाबतीत मात्र ते फक्त नोकरीच्या कामापुरतं. कामाबाहेर कुणाचं देणं बुडवलंत तर तिथल्या कोर्टात उभं राहावं लागेल. आणि यजमान देशाला तुम्ही नको झालात तर तो कारण न देता परत पाठवू शकतो.

फोनबद्दल मी तोंड दुखेपर्यंत बोललो आहे. तरी रविवारी एकाने टेबलाचा फोटो काढला, चेहरा पुढे आणि मागे उघडी वही. सरावाची वही म्हणून मी तो विषय तिथेच मिटवला. खऱ्या खोलीत असं झालं असतं तर १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा लागला असता. १९८४ साली अमेरिकनांनी मॉस्कोच्या वकिलातीतली सगळी यंत्रं बदलून मायदेशी आणली आणि क्ष-किरणाखाली एकेक घातली. मॉस्को आणि लेनिनग्राडच्या मिळून सोळा टंकलेखन यंत्रांत ऐकणारी उपकरणं सापडली. आतल्या एका धातूच्या दांडीत दडवलेली, दाबलेली प्रत्येक कळ बाहेर कळवणारी. वर्षानुवर्षं लोक त्यांवर गुप्त टिपणं टंकत होते आणि गुप्तलेखन होण्याआधीच ती बाहेर जात होती. त्याच शहरात १९४५ मध्ये शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेलं त्यांचं राजचिन्ह भेट दिलं. ते सात वर्षं राजदूताच्या घरात भिंतीवर होतं. आत बॅटरीही नसलेलं श्रवणयंत्र होतं. तेव्हा बाजारातून घेतलेली चार्जिंगची वायर, कुणी प्रेमाने दिलेलं घड्याळ, दुरुस्तीला टाकून परत आलेला लॅपटॉप, यातलं काहीही त्या खोलीच्या उंबऱ्याआत येणार नाही. आणि “बघू, काय होतंय” हे वाक्य त्या खोलीत उच्चारायचं नाही.

एकटेपणाबद्दल मात्र मी रागावून बोलणार नाही. तो येणार. गणपतीत, दिवाळीत, घरी कुणी आजारी पडलं की येणार. बायकोला काम सांगता येत नाही, मित्रांना दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. अशा वेळी कुणीतरी नवीन माणूस फार समजून घेणारं भेटतं. २०१० साली इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयातल्या माहिती विभागातल्या एका अधिकारी व्यक्तीला हेरगिरीवरून अटक झाली आणि २०१८ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. पहिल्या दिवशी कुणी गुपित मागत नाही. पहिल्या दिवशी फक्त विचारतात, “आज दमलेला दिसतोस.” असं कुणी विचारलं तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा. हसतील, हसू द्या. मन जड झालं तरी सांगा. त्यात काहीही कमीपणा नाही. लपवलंत तर मात्र तुम्ही एकटेच पडाल, आणि त्याची समोरचा वाट बघत असतो.

रोजच्या सवयींचंही तेच. तुम्ही कोथरूडहून क्लासला येताना म्हात्रे पुलावरून येता. ते नाव कुणाचं, असं विचारलं तर दोघांनीच हात वर केले. रवींद्र म्हात्रे, बर्मिंगहॅमला आपले सहायक आयुक्त. ३ फेब्रुवारी १९८४ च्या संध्याकाळी बसमधून उतरून घराकडे चालले होते. मुलीचा वाढदिवस, हातात केक. तिथून त्यांना पळवलं आणि पुढे ठार मारलं. त्यांच्या हातून कसलीही चूक झाली नव्हती, आणि त्यांचं नाव मी तुमच्या चुकांना जोडणार नाही. एवढंच सांगतो की परदेशातला भारतीय कर्मचारी, त्याचं पद कितीही साधं असो, कुणाच्या तरी नजरेत असतो. तेव्हा रोज त्याच बसने, त्याच वेळी, गळ्यात ओळखपत्र लटकवून फिरू नका. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष ठेवायला घरच्यांनाही शिकवा. पुलावरून जाताना एकदा गाडी हळू करून ती पाटी वाचा.

शेवटचं, आणि यात मला जराही सूट द्यायची नाही. वर्ग सुटल्यावर मी खोली झाडली. टेबलाखाली तीन वापरलेली पानं, कचऱ्याच्या टोपलीत चार चिंध्या. चिंध्या फाडल्या होत्या उभ्या, लांब पट्ट्यांत, म्हणजे जुळवायला अगदी सोयीच्या. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत जमाव घुसला. आतल्या माणसांनी कागद नष्ट करायला घेतले, पण वेळ थोडा, कागद फार, आणि हाताशी असलेलं एक कातरयंत्र कागदाच्या लांब पट्ट्या पाडणारं. त्या पट्ट्या लोकांनी पुढे बसून, चिवटपणे, एकीला एक लावून जोडल्या आणि त्यांचे खंडच्या खंड छापले. त्यात माणसांची नावं होती. बावन्न कर्मचारी ४४४ दिवस ओलीस राहिले. जाळायचं म्हणजे राख होईपर्यंत जाळायचं, ती चुरडायची आणि डब्यात काही उरलं नाही हे दुसऱ्याने बघून सही करायची, हे मी उगाच सांगत नव्हतो. आपलीही कीव्हची वकिलात मार्च २०२२ मध्ये तात्पुरती पोलंडला हलवावी लागली. अशा वेळी बॅगा भरायला किती तास मिळतील हे कुणी आधी कळवत नाही. काय आधी जाळायचं, काय नंतर, काय बरोबर न्यायचं, ही यादी शांततेच्या दिवसांत करायची असते. तुमच्यातल्या एकाच्याही वहीत ती नाही. शनिवारपर्यंत ती हवी, स्वतःच्या अक्षरात, एकमेकांची न उतरवता.

ज्याला हे ओझं वाटतंय त्याने शुक्रवारी संध्याकाळी मला येऊन भेटावं. मंत्रालयात या खोलीबाहेरही भरपूर मानाचं काम आहे. पासपोर्ट, हिशेब, भारतीयांच्या तक्रारी, सगळीकडे प्रामाणिक माणूस हवा आहे. तसं स्पष्ट सांगणाऱ्याला मी एका शब्दानेही दुखावणार नाही, उलट पुढे काय करायचं ते बसून ठरवू. बाकीच्यांनी रविवारी रात्री नऊला यायचं, फोन घरी ठेवून.